रात्र गार असेल तरच: किंडिओचा मेणताड परमुलखात वाढवताना

किंडिओचा मेणताड, म्हणजे कोलंबियाच्या गार डोंगरांतला उंच पाम, लावायचे मनात आले, तर बी शोधण्याआधी एक किमान-कमाल तापमापक घ्यावा. वर्षातल्या सर्वांत उकाड्याच्या दोन महिन्यांत तो सावलीत, जमिनीपासून हातभर उंचीवर टांगावा आणि रोज सकाळी रात्रीचे किमान तापमान वहीत लिहून ठेवावे. हे साठ आकडे हाती आले की पुढचे बरेचसे निर्णय आपोआप होतात. उकाड्याच्या दिवसांतही बहुतेक रात्री पारा १५ अंश सेल्सिअसच्या खाली किंवा जेमतेम वर राहत असेल, तर हे झाड उघड्या जमिनीत लावण्यासारखे आहे. तो १८ अंशांच्या आसपास घुटमळत असेल, तर जागा पारखून, मुळे गार ठेवून आणि थोडे नुकसान गृहीत धरून प्रयत्न करता येतो. आठवडेच्या आठवडे रात्र २० अंशांच्या वरच राहत असेल, तर मात्र कितीही हौस असली तरी हे झाड लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाम म्हटला की समुद्रकिनारा आणि रणरणते ऊन डोळ्यांपुढे येते, आणि इथेच घोटाळा होतो. लोक या झाडाला जिवाच्या आकांताने थंडीपासून जपतात आणि उकाड्याने मारतात.

सेरॉक्सिलॉन किंडिउएन्सी हे त्याचे शास्त्रीय नाव. पहिल्या शब्दात ग्रीक भाषेतले ‘मेण’ आणि ‘लाकूड’ एकत्र आले आहेत, कारण याच्या खोडावर पांढुरक्या मेणाचा थर असतो. वीज येण्यापूर्वी तो खरवडून मेणबत्त्या केल्या जात. झाड मूळचे कोलंबियातल्या अँडीज पर्वताचे असून ते प्रामुख्याने २००० ते ३००० मीटर उंचीवर, जिथे रोज ढग जमिनीला टेकतात अशा जंगलांत वाढते. साठ मीटरपर्यंत जाणारा हा जगातला सर्वांत उंच पाम आहे. हम्बोल्ट आणि बोनप्लां हे युरोपीय निसर्गअभ्यासक १८०१ मध्ये किंडिओची खिंड ओलांडून गेले तेव्हा मेणाच्या या ताडांनी त्यांना चकित केले होते, आणि १९८५ च्या कायदा क्रमांक ६१ ने कोलंबियाने याला आपला राष्ट्रीय वृक्ष ठरवून त्याच्या तोडीवर बंदी घातली.

लागवड करणाऱ्याने या माहितीतला समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा आकडा तेवढा घट्ट धरून ठेवावा. हवा दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होत जाते, म्हणजे २५०० मीटरवर समुद्रसपाटीपेक्षा तापमान सोळाएक अंशांनी कमी असते. साधारण त्याच उंचीवर वसलेल्या बोगोता शहराचे सरासरी तापमान सुमारे १४ अंश आहे, आणि विषुववृत्त जवळ असल्यामुळे ते बाराही महिने जवळपास तेवढेच राहते. तिथे ऋतू बदलतात ते वर्षात नव्हे, तर एका दिवसात: दुपारी वीस अंशांच्या आसपासची सौम्य ऊब, आणि पहाटे आठ-दहा अंशांचा गारवा. मेणताडाला लांब उन्हाळाही माहीत नाही आणि लांब हिवाळाही माहीत नाही. रोज रात्री गार होणे मात्र त्याच्या हाडीमांसी मुरलेले आहे.

रात्रीवर एवढा भर देण्याचे कारण असे, की दिवसभर पाने जी साखर तयार करतात तिचा काही भाग झाड रात्री श्वसनात खर्च करते, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की या खर्चाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. उष्ण प्रदेशातल्या झाडांनी याच्याशी जुळवून घेतलेले असते. या झाडावर तशी वेळ कधी आलीच नाही. दुसरे कारण मातीत आहे. १० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, तर ३० अंशांच्या पाण्यात तो साडेसातच्या आसपास येतो. म्हणजे माती तापली की मुळांची प्राणवायूची गरज वाढते आणि नेमका त्याच वेळी पुरवठा घटतो, शिवाय ओल्या उबदार मातीत मूळकूज आणणाऱ्या बुरशींना मोकळे रान मिळते. वरून झाड हिरवेगार दिसत असताना खाली मुळे काळी पडत जातात, आणि पाने सुकू लागतात तेव्हा पाणी कमी पडले असे समजून माणूस आणखी पाणी घालतो. गार देशांतून आलेली किती झाडे अशी प्रेमाने मारली गेली असतील, कोण जाणे.

दिवसा काही तास पारा तिशीला टेकला आणि रात्री पुन्हा चौदा-पंधरावर उतरला, तर रुळलेले झाड ते सोसते. थंडीच्या बाजूने पाहता, शून्याखाली एखाद-दुसरा अंश आणि तोही पहाटेचे काही तास, इतपत हलके हिम मोठे झाड सहसा निभावून नेते. रोपांना मात्र आच्छादन द्यावे. दिवसेंदिवस जमीन गोठते अशा ठिकाणी याचा नाद सोडलेला बरा. सॅन फ्रान्सिस्कोच्या वनस्पती उद्यानात हे ताड उघड्यावर वाढतात, कारण तिथला उन्हाळा समुद्रावरून येणाऱ्या धुक्याने गार राहतो. न्यूझीलंडच्या सौम्य हवेतही हौशी माळ्यांनी ते रुजवले आहेत. याउलट बंद काचघर, जिथे इतर पाम सुखाने नांदतात, ते याला सहसा मानवत नाही, कारण तिथली रात्र कोंदट आणि उबदार असते.

जागा

आवारात कुठे लावायचे हे ठरवताना नेहमीच्या बागकामाचे दोन नियम उलटे करावे लागतात. पहिला भिंतीचा. नाजूक झाड भिंतीच्या आडोशाला लावावे असे आपण शिकलेलो असतो. पण दिवसभर तापलेली भिंत आणि फरसबंदी मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडत राहते, त्यामुळे मेणताड त्यांच्यापासून जितका दूर तितका चांगला. दुसरा खोलगट जागेचा. रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली वाहते आणि सखल भागात साचते, म्हणून नाजूक झाडे तिथे लावत नाहीत. इथे मात्र, कडक हिम पडत नसेल आणि पाण्याचा निचरा होत असेल, तर तीच जागा सर्वांत उत्तम. तापमापक एकाच ठिकाणी टांगून न ठेवता आवारात तीन-चार ठिकाणी फिरवून पाहावा. पन्नास पावलांत दोन अंशांचा फरक मिळाला, तर या झाडासाठी तो फार मोठा आहे.

सावलीबाबत थोडा पेच आहे. कोलंबियातल्या सालेंतो गावाजवळच्या कोकोरा खोऱ्याची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत: हिरव्या कुरणात एकेकटे उभे असलेले उंचच उंच मेणताड. ती पाहून वाटते, की याला उघडे माळरान आवडत असणार. प्रत्यक्षात ते ताड तोडलेल्या जंगलातून उरलेले म्हातारे आहेत. त्यांच्या पायाशी पडलेले बी रुजले तरी कोवळी रोपे उघड्या उन्हात आणि गुरांच्या तोंडी टिकत नाहीत, त्यामुळे त्या कुरणांत पुढची पिढीच नाही. म्हणून पहिली काही वर्षे रोपाला गाळीव उजेडच हवा; निम्मे किंवा त्याहून थोडे अधिक ऊन अडवणारे शेडनेट पुरते. पण जमिनीत लावल्यावर डोक्यावर दाट झाडोरा असेल, तर तो रात्री जमिनीची उष्णता आकाशाकडे जाऊ देत नाही आणि झाडाखालची हवा बाहेरपेक्षा उबदार राहते. यावर माझा तोडगा असा: सावली डोक्यावरून न देता बाजूने द्यावी. दुपारनंतरचे ऊन ज्या दिशेने येते त्या बाजूला झुडपांची दाट फळी असावी आणि वर आभाळ मोकळे असावे.

बी आणि त्याचे रुजणे

बी लागवडीतल्या झाडांचे असावे आणि ते आणताना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र व आयातीचे नियम पाळावेत. जंगलातून गोळा केलेले बी कोणी देऊ केले, तर ते घेऊ नये. हे झाड आधीच संकटात आहे. बी वाटोळे, दीडेक सेंटिमीटर व्यासाचे, तपकिरी आणि कठीण असते. त्याची खरी गुणवत्ता ताजेपणात आहे, कारण ते धान्यासारखे वाळवून साठवता येत नाही. आतला ओलावा गेला की गर्भ मरतो. कानाशी धरून हलवल्यावर आत खुळखुळ वाजले, तर ते बी वाळलेले समजावे. दहा-वीस बिया असतील, तर एक बळी देऊन करवतीने कापून पाहणे परवडते. आतला गर पांढरा, भरीव आणि हस्तिदंतासारखा घट्ट असावा. वास आंबूस आला किंवा गर पिवळट आणि मऊ लागला, तर बाकीच्यांकडूनही फारशी आशा ठेवू नये.

बियेला बाहेरून चिकटून उरलेला फळाचा गर नखाने आणि जुन्या दातघासणीने पूर्ण काढावा, नाहीतर त्यावरच बुरशी धरते. नंतर बिया स्वच्छ पाण्यात दोन दिवस भिजवाव्यात आणि पाणी रोज बदलावे. रुजवण्यासाठी स्फॅग्नम शेवाळ किंवा धुतलेले कोकोपीट घेऊन ते ओले करावे आणि मुठीत घट्ट पिळावे. बोटांच्या फटीतून एकही थेंब गळू नये, पण मूठ उघडल्यावर तळहात दमट राहावा, इतपत ओल पुरे. बिया त्यात मिसळून झिपच्या पारदर्शक पिशवीत बंद कराव्यात आणि पिशवीवर तारीख लिहावी.

आता सर्वांत महत्त्वाचे. पामच्या बिया रुजवण्याचे जवळपास सगळे सल्ले तीस अंश किंवा त्याहून अधिक उबेचे असतात आणि त्यासाठी खालून ऊब देणारी चटई वापरायला सांगतात. मेणताडाच्या बाबतीत तो सल्ला घातक आहे. पिशवी १५ ते २० अंशांच्या दरम्यान राहील अशा घरातल्या सर्वांत गार कपाटात ठेवावी, आणि दिवस-रात्रीत चार-पाच अंशांचा चढउतार झाला तर तो उपकारकच मानावा. रुजायला काही महिने लागतात. काही बिया वर्ष उलटल्यावरही जाग्या होतात. दर पंधरा दिवसांनी पिशवी उघडून ताजी हवा द्यावी, बुरशी धरलेले बी धुऊन परत ठेवावे, आणि बोटाने दाबल्यावर पिचकलेले बी तेवढे काढून टाकावे. मी पहिल्या खेपेला सात महिन्यांनी कंटाळून पिशवी रिकामी करायला घेतली, तेव्हा एका बियेच्या अंगावर तांदळाच्या कणीएवढे पांढरे बटण दिसले. ते आधीच्या आठवड्यात नव्हते एवढे नक्की.

हे बटण दिसताच बी कुंडीत हलवावे, कारण आधी मूळ निघते आणि ते सरळ खाली जाते. कुंडी रुंद नको, खोल हवी. निदान ३० सेंटिमीटर. बी जमिनीच्या पातळीला, अर्धे उघडे राहील असे ठेवावे. पहिले पान अरुंद, अखंड, पट्टीसारखे असते आणि ते पाहून हा पुढे प्रचंड ताड होणार आहे, यावर विश्वास बसत नाही. बियेतला गर रोपाला बरेच महिने पोसत असतो, म्हणून वाळकी दिसू लागली तरी बी ओढून तोडू नये.

माती, कुंडी, पाणी

मूळ प्रदेशातली माती ज्वालामुखीच्या राखेची आहे: हलकी, भुसभुशीत, पाणी धरून ठेवणारी, पण तुंबू न देणारी. हे दोन गुण एकत्र आणायचे म्हणजे मिश्रणात निम्मा भाग तरी प्युमिस, परलाइट किंवा स्कोरियासारखा सच्छिद्र दगड असावा, आणि उरलेल्यात कुजवलेली झाडाची साल व चांगली मुरलेली पानमाती असावी. भारी काळी माती आणि शेणखताचा सढळ वापर दोन्ही टाळावे. सामू (pH) साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान असावा. पाणी क्षारयुक्त असेल, तर नवी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडू लागतात; अशा ठिकाणी पावसाचे साठवलेले पाणी वापरणे हाच खरा उपाय आहे.

कुंडीच्या रंगाकडे मी एकदा दुर्लक्ष केले, त्याची किंमत तीन रोपांनी मोजली. रोपे दोन वर्षांची होती, हवा त्या आठवड्यात फक्त २६ अंशांची होती, आणि पाने सावलीत होती. पण काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्यांच्या अंगावर दुपारी तीननंतर तासभर तिरपे ऊन येत होते. चौथ्या दिवशी कुंडीच्या कडेला मातीत तापमापक खोचला, तर तो ४१ अंश दाखवत होता. महिन्याभरात एका रोपाचा मधला, न उघडलेला कोंब सहज ओढला आणि तो हातातच आला; खालचे टोक तपकिरी, बुळबुळीत आणि दुर्गंधी येणारे. हुंडी, म्हणजे मुळांसकट मातीचा गोळा, बाहेर काढली, तेव्हा ज्या बाजूवर ऊन येत होते त्या अर्ध्या भागातली मुळे बोटांत धरताच सालासकट सुटून आली. पाम वाढतो तो एकाच शेंड्यातून. तो कुजला की झाड संपले. तेव्हापासून कुंडीत दुसरी कुंडी ठेवून मधली फट ओल्या शेवाळाने भरायची, किंवा कुंडी गळ्यापर्यंत जमिनीत पुरून ठेवायची, हा नेम आहे. मातीच्या न रंगवलेल्या कुंड्याही चांगल्या, कारण त्यांच्या अंगातून पाणी उडून जाताना आतली माती गार राहते. मात्र त्या लवकर वाळतात, हे लक्षात ठेवावे.

पाणी सकाळी द्यावे आणि माती नेहमी वाफशावर असावी, म्हणजे हाताला ओलसर लागावी पण दाबल्यावर पाणी सुटू नये. कुंडीखाली पाण्याची थाळी ठेवू नये. उष्ण लाट आली, तर मुळांना जास्त पाणी पाजण्याऐवजी संध्याकाळनंतर आजूबाजूच्या जमिनीवर आणि पानांवर बारीक फवारा मारावा. बाष्पीभवनाने हवा दोन-तीन अंशांनी उतरते आणि दमटपणाही राहतो. हवा आधीच दमट असेल तर याचा उपयोग होत नाही, आणि नेमकी तीच हवा या झाडाला सर्वांत जड जाते.

खत बेताने द्यावे. हळूहळू सुटणारे, नत्राच्या जोडीने भरपूर पालाश आणि मॅग्नेशियम असलेले पामसाठीचे खत वाढीच्या दिवसांत अर्ध्या मात्रेने दिले की झाले. उकाड्यात खत पूर्ण बंद ठेवावे. कोरड्या हवेत पानांच्या खालच्या बाजूस लाल कोळी येतो, तो पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढावा. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड कापसाच्या बोळ्याने पुसून घेता येते. गोगलगायींनी कोवळे पान कुरतडले, तर त्याच्या खुणा ते पान गळेपर्यंत दिसत राहतात, आणि इथे पान गळायला वर्षे लागतात.

जमिनीत लावणे

रोप कुंडीत फार काळ ठेवू नये. फुटभर खोलीवर मातीच्या तापमानात दिवस-रात्रीचा चढउतार जवळजवळ जाणवत नाही, तर कुंडीतली माती हवेबरोबर तापते. त्यामुळे जमीन हा या झाडाचा सर्वांत मोठा आधार आहे. विभागलेली तीन-चार पाने आली, की उकाडा सरल्यावर लगेच लागवड करावी, म्हणजे पुढचा उकाडा येईपर्यंत मुळे खाली उतरलेली असतात. खड्डा हुंडीच्या दुप्पट रुंद असावा. जमीन चिकण असेल, तर खड्ड्यात हलकी माती भरून उपयोग नाही, कारण त्या खड्ड्याची पाणी साठवणारी टाकी होते. त्याऐवजी अर्धा मीटर उंचीचा उंचवटा करून त्यावर झाड लावावे. हुंडी हलवताना मुळे मोकळी करू नयेत, कापू नयेत, ‘जरा पाहू’ म्हणून माती झटकूही नये. या झाडाला मुळांची छेडछाड अजिबात खपत नाही. लावल्यावर पालापाचोळ्याचे आठ-दहा सेंटिमीटर जाड आच्छादन आळ्यात सर्वत्र पसरावे, फक्त बुंध्याभोवती वितभर जागा मोकळी ठेवावी.

त्यानंतर दीर्घ काळ काहीच घडत नाही असे वाटते. झाड आपला बुंधा जमिनीखालीच जाड करत राहते आणि वर केवळ पानांचा गुच्छ मोठा होत जातो. जमिनीवर खोड दिसायला काही दशकेही लागू शकतात. या काळात प्रगती मोजायची ती पानांवरून: दर वर्षी निघणारे प्रत्येक पान आधीच्यापेक्षा लांब असले आणि त्याची खालची बाजू अधिकाधिक रुपेरी होत गेली, तर सर्व ठीक आहे. नवे पान आधीच्यापेक्षा आखूड आले, तर आधी मुळांचे तापमान तपासावे, मग निचरा, आणि खताचा विचार सर्वांत शेवटी करावा.

जागा सोडताना पूर्ण वाढीचा हिशेब धरावा, कारण मोठ्या झाडाची एकेक झावळी चार-पाच मीटरपर्यंत जाते. शिवाय नर आणि मादी झाडे वेगळी असतात आणि फुलोरा येईपर्यंत ती ओळखण्याचा उपाय नाही. एकच झाड लावले, तर त्याला बी धरण्याची शक्यता जवळपास नाहीच. जागा असेल तर निदान चार रोपे, एकमेकांपासून पाच-सहा मीटरवर लावावीत, आणि प्रत्येकाच्या बुंध्याशी बी कुठून आले व कोणत्या साली रुजले, हे कोरलेली धातूची पट्टी पुरावी; मातीत कागद टिकत नाही, आणि ही झाडे फुलतील तेव्हा त्यांची देखभाल बहुधा दुसऱ्याच कोणाकडे असेल.